मोटरहोमच्या एअर ब्रेकसाठी ड्रायरचा फिल्टर: दुकानात तीन डबे दाखवले, कोणता घेऊ?

बालाघाटी (बीड) | ११ मे, रात्री ९.५०

मंडळी, रामकृष्णहरी. इथं कार आणि ट्रॅक्टरचे धागे ढिगानं आहेत, माझा प्रश्न जरा आडगावचा आहे.

आमच्याकडं एक जुनी खासगी बस आहे. तीन वर्षांमागं तिचं फिरतं घर करून घेतलं. चार जणांची झोपायची सोय, छोटा ओटा, पाण्याची टाकी, मागं मोरी. केलं ते आप्पांसाठी. त्यांचे गुडघे गेले, पण पैठणहून नाथांची पालखी निघायची वेळ आली की त्यांचा जीव घरात लागत नाही. मग दिंडीच्या पुढं-मागं ही गाडी चालते. मुक्कामाला आप्पा आणि दिंडीतली दोन-तीन थकलेली माणसं तिच्यात झोपतात. आषाढी झाली की एखादी तुळजापूर नाहीतर गाणगापूरची फेरी. बाकी वर्षभर गाडी मेव्हण्याच्या जिनिंगच्या शेडमध्ये उभी.

परवा सहज ब्रेकच्या हवेच्या टाकीचा ड्रेन कॉक (तळातलं पाणी सोडायची तोटी) ओढला तर खालून ताकासारखं पांढरं, चिकट पाणी आलं. थोडंथोडकं नाही, अर्धा तांब्या. गावातला मिस्त्री म्हणाला एअर ड्रायरचा, म्हणजे ब्रेकच्या हवेतलं पाणी काढणाऱ्या यंत्राचा, फिल्टर गेलाय, डबा बदला. बीडला स्पेअरच्या दुकानात गेलो तर त्यानं काउंटरवर तीन डबे मांडले. एक साडेसातशेचा, एक एकवीसशेचा, एक एकोणतीसशेचा. विचारलं फरक काय, तर म्हणे "तिन्ही बसतेत, तुमचं बजेट सांगा."

येताना मांजरसुंब्याचा घाट उतरत होतो आणि डोक्यात तेच चालू होतं. गाडीत म्हातारी माणसं असतात, ब्रेकच्या बाबतीत मला बजेट सांगायचं नाही. पण उगीच महाग तेच चांगलं असंही वाटत नाही. कोणता घेऊ?

---

परभणी_एक्सप्रेस | ११ मे, रात्री १०.०५

गाडी ताक द्यायली म्हणजे दुभती निघाली की राव! डबा कशाला बदलता, आषाढीला दिंडीला कढी घाला.

---

कोरडवाहू (जालना) | ११ मे, रात्री १०.४०

स्पष्ट सांगतो, राग नसावा. हे ड्रायरचं खूळ कोकणातल्या आणि परदेशातल्या गाड्यांसाठी. आपल्याकडं आठ महिने हवेत पाणी नसतं, विहिरीत नसतं, नळाला नसतं. टाकीत कुठून येणार? माझ्या वडिलांचा ट्रक होता, त्याला ड्रायर नव्हताच. रोज सकाळी ड्रेन कॉक ओढायचा, झालं. साडेसातशेचा बसवा आणि उरलेल्या पैशाचं डिझेल भरा.

---

नांदेडचा_मास्तर | १२ मे, सकाळी ६.३०

कोरडवाहू, तुमच्या वडिलांची सवय सोन्यासारखी होती, पण हिशोब चुकतोय. सुट्टी चालू आहे आणि फळा जवळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हवा किती पाणी वाफेच्या रूपात धरू शकते ते तिच्या तापमानावर ठरतं. ३० अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास पाणी धरते, ४० अंशाला ५१ ग्रॅम. आता पावसाळ्यातली ३० अंशाची, ६० टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिच्यात १८ ग्रॅम पाणी आहे. कंप्रेसर ती दाबून टाकीत आठ किलो दाबापर्यंत नेतो, म्हणजे आधीची एक धरून ९ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबली. पाणी झालं १६२ ग्रॅम. पण हवा दाबली म्हणून एका घनमीटराची पाणी धरायची ताकद वाढत नाही. टाकी ३० अंशावर आली की तिथं फक्त ३० ग्रॅम वाफ राहणार, उरलेले १३२ ग्रॅम पाणी होऊन तळाला बसणार. तुमच्या बसच्या सगळ्या टाक्या मिळून १०० लिटरच्या धरल्या, तर रिकाम्या टाक्या एकदा भरताना चहाचे अडीच चमचे पाणी. नंतर ब्रेक दाबला, दरवाजा उघडला, हॉर्न वाजवला की कंप्रेसर पुन्हा भरतो. दिवसभराचं तुम्हीच धरा.

आता तुमचा मे महिना. ४० अंश, आर्द्रता २० टक्के. हवेत १० ग्रॅम. नऊपट केले तर ९० ग्रॅम आणि मावतात ५१. म्हणजे आपल्या भाजून काढणाऱ्या उन्हातसुद्धा टाकीत पाणी पडतं. रात्री टाकी २५ अंशावर आली की आणखी पडतं.

विहिरीला पाणी नाही हे मात्र खरं आहे.

---

कोरडवाहू (जालना) | १२ मे, सकाळी ७.१५

मास्तर, हिशोब मान्य. चमच्याचं उदाहरण आवडलं. पण ट्रकला ड्रायर नव्हता आणि तो चाललाच ना?

---

लालपरी_निवृत्त (छत्रपती संभाजीनगर) | १२ मे, सकाळी ९.२०

चालला, कारण वडील रोज ड्रेन करायचे. आता किती ड्रायव्हर करतेत ते डेपोत उभं राहून बगा. आणि चालला म्हणजे काय? ओली हवा व्हॉल्व्हमधलं ग्रीस धुऊन नेते, रबर फुगतं, टाकी आतून गंजते, गंजाचा चुरा पुढं जाऊन रिले व्हॉल्व्हमधी, म्हंजे चाकांच्या ब्रेकला हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधी, बसतो. मग ब्रेक लागायला नाहीतर सुटायला उशीर. एक चाक आधी धरतं, एक मागून. मी चिकलठाण्याच्या कार्यशाळेत आणि नंतर डेपोत मिळून एकतीस वर्षं हीच कामं केली.

बालाघाटी, तुम्ही डब्याचं विचारायले, पण डब्याआधी तीन गोष्टी सांगा.

एक. ड्रायरवर पाटी असती, नाहीतर अंगावर नंबर कोरलेला असतो. तो वाचून लिहा. गाडीचं मॉडेल सांगू नका. जुन्या बसला मधल्या काळात कोणीतरी दुसऱ्याच कंपनीचा ड्रायर बसवलेला असतो, दहात पाच वेळा तरी.

दोन. गाडी चालू करून हवा भरू द्या. हवेच्या दाबाचा काटा आठ-साडेआठ किलोला गेला की ड्रायर खालून "फुस्स" करतो. ते फुस्स कसं आहे ते नीट ऐका. एकदाच मोठ्यानं होऊन बंद पडतं, का मोठं फुस्स होऊन मागून दहा-वीस सेकंद बारीक "सूंऽऽ" चालतं?

तीन. त्या फुस्सखाली पांढरा कागद धरा. नुसतं पाणी येतंय, का काळं तेल?

हे कळल्याशिवाय डबा घेऊ नका. एकोणतीसशेचा घेतला तरी तीन महिन्यांत परत ताक.

---

तेरणाकाठ (लातूर) | १२ मे, दुपारी २.०५

काकांनी खरी नस पकडली. मी लातूरला हेवी गाड्यांच्या स्पेअरचं दुकान चालवते, काउंटरच्या अलीकडून बोलते. "तिन्ही बसतेत" हे वाक्य ऐकलं की तिथून निघायचं. तिन्ही बसत नसतात.

वरून सगळे डबे सारखेच, काळे नाहीतर पांढरे, मुठीएवढ्या आट्यांचे. पण त्या आट्यांचे माप वेगवेगळे येतात. एम-३९ आहे, एम-४१ आहे, सव्वा इंची आहे. डोळ्याला फरक दिसत नाही. काही डब्यांचे आटे सरळ, काहींचे उलटे, म्हणजे डावीकडं फिरवून घट्ट होणारे. जवळच्या मापाचा डबा दोन-तीन आटे धरतो, बसल्यासारखा वाटतो, आणि आठ किलो दाबावर एखाद्या दिवशी आटे सोलून निघतो. शिवाय तळातल्या रबराच्या सीलचा घेर वेगळा असला तर हवा मारत राहते. म्हणून जुना डबा काढून सोबत आणा, नाहीतर त्याच्यावरचा नंबर आणा. निदान मोबाईलवर तळाचा फोटो.

आता चांगला कसा ओळखायचा. आत बारीक मोत्यासारखे दाणे असतात, पाणी शोषणारे. ते उघड्या हवेतलं पाणीही शोषतात, म्हणून खरा डबा प्लॅस्टिकमध्ये नाहीतर तोंडाला झाकण लावून, सीलबंद येतो. नुसत्या खोक्यात उघडा पडलेला डबा दुकानाच्या फळीवरच अर्धा संपलेला असतो. दुसरं, कानाशी धरून हलवा. आतल्या दाण्यांवर स्प्रिंगचा दाब असतो, ते हलता कामा नयेत. खुळखुळा वाजला तर ठेवून द्या. सैल दाणे एकमेकांवर घासून पीठ होतं आणि ते पीठ थेट तुमच्या फूट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे ब्रेकच्या पायाखालच्या व्हॉल्व्हमध्ये. ड्रेन कॉकमधून कोरडी पांढरी पूड आली तर ती हीच.

तुमचा एकोणतीसशेचा बहुतेक तेल अडवणारा असेल. त्यात दाण्यांच्या आधी एक जादाचा थर असतो, तो हवेतलं तेलाचं धुकं थांबवतो. नव्या इंजिनांच्या बऱ्याच गाड्यांना कंपनीच तो सांगते. वाईट नाही, पण तो वेळेवर बदलावाच लागतो, विसरलात तर साध्यापेक्षा आधी बसतो.

---

आयोवाचा_लातूरकर | १२ मे, रात्री ११.३०

इकडं दुपार आहे. ताई, माझं माहेर म्हणा आजोळ म्हणा, औशाचं. इथं माझ्याकडं मागं डिझेल इंजिन असलेलं जुनं मोटरहोम आहे, एअर ब्रेक आणि एअर सस्पेन्शनचं. बालाघाटींचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण इथली मोटरहोमवाली मंडळी याच प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडत असतात.

भांडण असं. ट्रकवाल्यांना कंपनी किलोमीटरवर फिल्टर बदलायला सांगते. आमच्या गाड्या वर्षात पाच-सात हजार मैल चालतात. किलोमीटरनं गेलो तर फिल्टर माझ्या नातवानं बदलायचा. त्यामुळं उभ्या गाडीला कॅलेंडर धरायचं, साधारण दोन-तीन वर्षांनी. रबरं वाळतात, आत गेलेलं तेल तिथंच बसून राहतं. मी तीन वर्षांनी बदलतो आणि त्याच वेळी खालच्या पर्ज व्हॉल्व्हचं, म्हणजे फुस्स करून पाणी बाहेर सोडणाऱ्या झाकणाचं, किटही.

दुसरी गोष्ट, इंटरनेटवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून डबा ठरवू नका. इथं बेंडिक्स कंपनीचा एडी-९ ड्रायर खूप चालतो. त्याचं भांडं बोल्टनं उघडायचं आणि आतली नळी बदलायची, तुमच्यासारखा फिरवून काढायचा डबा नाही. माझ्याकडचा एडी-आयपी फिरवायचा आहे. दोन्हींत दाणे परत वाळवायची हवा ड्रायरच्या पोटातच साठते, बाहेर वेगळी टाकी लागत नाही. आणि इथल्या ड्रायरला हीटर असतो, कारण जानेवारीत खालचा व्हॉल्व्ह बर्फानं चिकटतो. बीडला त्याचं काय करणार? पापड वाळवा.

---

परभणी_एक्सप्रेस | १२ मे, रात्री ११.५०

बीडला पापड वाळवायला हीटर नको, बोनेट बास.

---

बालाघाटी (बीड) | १४ मे, सायंकाळी ७.१०

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा गृहपाठ केला.

पाटीवर रंग मारलेला होता, घर करताना सगळ्या चेसिसला काळा रंग दिला तेव्हा. तारेच्या ब्रशनं घासल्यावर नंबर दिसला. वॅबको कंपनीचा आहे, तिच्या जुन्या नावाचा, ताईंना नंबर वेगळा कळवलाय. डब्यावर तारीख वगैरे काही नाही.

कागदावर पाणी आणि तपकिरी ठिपके. ओघळ नाही, ठिपके. तेल आहे पण न्हाऊन निघावं एवढं नाही.

आणि फुस्स. चार वेळा ऐकलं, बायकोलाही ऐकवलं (तिला वाटलं मला ऊन लागलंय). फक्त एकदाच, फाट्कन होतं आणि शांत. तुमचं ते बारीक "सूंऽऽ" येतच नाही.

---

लालपरी_निवृत्त | १४ मे, रात्री ८.००

लेकरा, मग तुझा डबा बिचारा निर्दोष हाय.

सगळ्यांनाच सांगतो. डब्यातले दाणे पाणी शोषतेत, पण कितीक शोषणार? दहा-वीस मिनिटांत भरतेत. म्हणून दर वेळी हवा पूर्ण भरली की ड्रायर दोन कामं करतो. खालचं झाकण उघडून साठलेलं पाणी-तेल फाट्कन बाहेर फेकतो, ते पहिलं फुस्स. मग एका छोट्या टाकीत, चार-पाच लिटरची असती, बाजूला काढून ठेवलेली कोरडी हवा उलटी दाण्यांतून हळूहळू सोडतो. ती जाताना दाण्यांतलं पाणी घेऊन जाते. ते तुझं "सूंऽऽ". दाणे परत कोरडे, पुढच्या फेरीला तयार.

तुझ्या गाडीत ती उलटी हवा येतच न्हाई. म्हणजे दाणे एकदा भिजले ते भिजलेच.

उद्या गाडीखाली जा. ड्रायरवर प्रत्येक भोकाजवळ आकडा कोरलेला असतो. १ म्हणजे कंप्रेसरकडून येणारी, २१ म्हणजे पुढं ब्रेकच्या टाक्यांकडं जाणारी, ३ म्हणजे खाली बाहेर सोडायची. आणि २२ म्हणजे त्या छोट्या टाकीकडं. २२ ला लागलेली नळी धरून कुठं जाते ते बग.

---

बालाघाटी (बीड) | १५ मे, सकाळी ८.४५

काका, २२ ला नळीच नाही. पितळी प्लग ठोकलाय, टेफ्लॉनची टेप गुंडाळून. आणि जिथं छोटी टाकी असायला हवी तिथं दोन रिकामी ब्रॅकेटं आहेत, त्यांच्यावर आमच्या मोरीच्या सांडपाण्याची टाकी टेकवलीय.

आत्ता समजलं. ज्यानं घराचं काम केलं त्याला खाली जागा हवी होती. त्यानं "बिनकामाची" टाकी काढली, भोक बंद केलं आणि रंग मारला. मला एका शब्दानं सांगितलं नाही. तीन वर्षं आप्पांना घेऊन मी या गाडीनं घाट उतरतोय.

---

तेरणाकाठ (लातूर) | १५ मे, सकाळी ९.३०

हे वाचून हात गार पडले. पण धीर धरा, ओली हवा म्हणजे लगेच ब्रेक गेले असं नाही. नुकसान हळूहळू होतं. आत्ता कळलं, आषाढीला अजून वेळ आहे.

तुमचा नंबर बघितला. हा बाहेरच्या टाकीवरच चालणारा ड्रायर आहे, आयोवावाल्या दादांसारखा पोटात हवा साठवणारा नाही. म्हणजे टाकी परत लावण्याला पर्याय नाही. आणि डब्यांचं म्हणाल तर तुमच्या ड्रायरला आटे सरळ आहेत. दुकानातल्या एकवीसशेच्या डब्याच्या तळाचा जो फोटो पाठवलात, तो उलट्या आट्याचा आहे. "बसतो" म्हणाला ना तो? कसा बसवणार होता देव जाणे. साडेसातशेचा सील नसलेला, म्हणजे बाद. उरला एकोणतीसशेचा, तेल अडवणारा, आटे बरोबर. पण काकांना विचारा.

---

कोरडवाहू (जालना) | १५ मे, सकाळी १०.१०

टाकी लावली की झालं ना मग. जुनाच डबा काढा, डिझेलनं धुवा, दोन दिवस उन्हात ठेवा. ४२ अंश ऊन आहे, खडखडीत होईल. आमचा मिस्त्री असंच करायचा.

---

नांदेडचा_मास्तर | १५ मे, सकाळी १०.४०

नका हो. त्या दाण्यांना अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, पाणी तिथं अडकतं. उष्णतेनं ते पूर्ण बाहेर काढायचं तर २०० ते ३०० अंश लागतात. ४२ अंशांत कैरी वाळते, हे नाही. गाडीत ते काम उष्णता नाही, कोरड्या हवेचा उलटा झोत करतो. आणि डिझेल घातलंत की छिद्रांवर तेलाचा थर बसतो. तेल बसलेला दाणा वरून कोरडा दिसतो, आतून बंद.

---

लालपरी_निवृत्त | १५ मे, दुपारी १२.१५

मास्तर बरोबर. डिझेलनं धुतलेला डबा म्हणजे नुसता पत्र्याचा डबा.

ताई, तेल अडवणाऱ्या डब्याचं माझं मत वेगळं हाय. कंपनीनं ज्या गाडीला तो दिलाय तिथं तोच लावा, वाद नाही. पण कंप्रेसर तेल फेकतोय म्हणून साध्याच्या जागी तो लावायचा म्हणजे जखमेवर नुसती पट्टी. तेल कुठून येतंय ते बघायचं. रिंगा झिजल्या असतील, तेलाची परतीची नळी अडली असेल. नाहीतर कंप्रेसरला श्वासच मिळत नसेल. आत ओढायची हवा कोंडली की पिस्टनच्या वर पोकळी होते आणि खालून रिंगांच्या फटीतून तेल वर चढतं. बालाघाटी, गाडी जिनिंगच्या शेडमध्ये उभी असती म्हणालास ना? इंजिनाचा एअर फिल्टर शेवटचा कधी उघडला?

---

तेरणाकाठ (लातूर) | १५ मे, दुपारी १२.५०

काका, तत्त्व मान्य. पण माझ्याकडं येणाऱ्या दहा गाड्यांपैकी आठजण कंप्रेसर खोलायला तयार नसतात. त्यांनी निदान तेल अडवणारा लावून वर्षाला बदलला तर पुढचे व्हॉल्व्ह तरी वाचतात. गिऱ्हाईकाला अर्धं औषध तरी घेऊ द्या.

---

लालपरी_निवृत्त | १५ मे, दुपारी १.३०

तुमच्या गिऱ्हाईकाला द्या. हा पोरगा खोलणारा हाय.

---

आयोवाचा_लातूरकर | १५ मे, रात्री १०.२०

एक भर. कंप्रेसरपासून ड्रायरपर्यंतची लोखंडी नळीही बघा. तिच्यात काजळी साठते आणि हवा गरम राहते. ड्रायरला ६५ अंशांहून गरम हवा गेली तर दाण्यांना पाणी धरता येत नाही. नळी पुरेशी लांब हवी आणि ड्रायरकडं उतरती, मध्ये झोळ नको. घर करणाऱ्यानं टाकी काढली तशी नळीही आखूड केली असेल तर आश्चर्य नाही. इथंही लोक उभी गाडी सपाट करायला सस्पेन्शनच्या एअरबॅगा सारख्या भरत बसतात, कंप्रेसर थांबतच नाही, आणि मग फिल्टरला शिव्या.

---

बालाघाटी (बीड) | २ जून, रात्री ९.००

उशीर झाला, पेरणीच्या आधीची घाई होती. जे झालं ते क्रमानं लिहितो, पुढं कोणाला उपयोग होईल.

एअर फिल्टर उघडला. काका, तुम्हाला लांबून दिसलं कसं? वरच्या थराला कापसाचं तूस असं बसलं होतं की गोधडी शिवता आली असती. मध्ये उंदरानं सरकी आणून घर केलेलं. नवा एलिमेंट टाकला, कंप्रेसरकडं जाणारी रबरी नळी चिरलेली होती तीही बदलली. चार दिवसांनी परत कागद धरला, ठिपके जवळजवळ बंद. कंप्रेसर खोलायची वेळ आली नाही.

लोखंडी नळी मूळचीच होती, आतून थोडी काजळी, साफ करून घेतली. पाच लिटरची टाकी संभाजीनगरला एका भंगारवाल्याकडं मिळाली, आतून गंज नव्हता, तरी पाणी भरून दाबाला तपासून घेतली. सांडपाण्याची टाकी दीड फूट मागं सरकवली. पितळी प्लग काढून तिथं नळी जोडली.

डबा: तिघांपैकी एकही घेतला नाही. ताईंनी नंबरावरून साधा डबा पाठवला, सीलबंद. सोबत पर्ज व्हॉल्व्हचं किट. जुना काढायच्या आधी चाकांना दगड लावले, सगळ्या टाक्या ड्रेन करून काटा शून्यावर आणला. मिस्त्री म्हणत होता थोडी हवा राहिली तर काय होतं. मी म्हटलं तू बाजूला हो. पट्ट्याच्या पान्यानं डबा सैल केला. वजन नव्याच्या दुप्पट वाटलं, उपडा केला तर पाणी गळालं. बैठक फडक्यानं पुसली, नव्याच्या रबराला बोटानं किंचित ग्रीस लावलं, हातानं टेकेपर्यंत फिरवला आणि वर अर्ध्या-पाऊण फेऱ्याचा आवळ दिला. साबणाचा फेस लावून बघितलं, बुडबुडा नाही.

आणि मग साडेआठ किलोला: फुस्स… सूंऽऽऽ. बायको म्हणाली, हे घ्या तुमचं गाणं.

मागच्या टाक्यांतलं ताक चार दिवस रोज ड्रेन केलं. फूट व्हॉल्व्ह आणि रिले व्हॉल्व्ह खोलून साफ करून घेतले, दोन्हींत चिकटा होता. पार्किंगच्या स्प्रिंगच्या चेंबरला मिस्त्री हात घालायला लागला, त्याला अडवलं.

---

लालपरी_निवृत्त | २ जून, रात्री ९.४०

ते चांगलं केलंस. त्या चेंबरमधी दाबून बसवलेली स्प्रिंग असती, सुटली तर माणूस जातो. ती गोष्ट खोलायची न्हाई, अख्खी बदलायची.

डब्यावर ऑइल पेंटनं आजची तारीख लिही. मोठ्या अक्षरात.

---

परभणी_एक्सप्रेस | २ जून, रात्री ९.५५

म्हणजे औंदा कढी न्हाई.

---

बालाघाटी (बीड) | ३० जून, रात्री १०.१५

मुक्कामावरून लिहितोय, नेट लंगडं आहे. तीन दिवस झाले, रोज संध्याकाळी पाऊस. आप्पा खुशीत, आत्ता गाडीच्या पायरीवर बसून हरिपाठ म्हणतायत.

रोज सकाळी ड्रेन कॉक ओढतो. पहिल्या टाकीतून दोन-चार थेंब येतात, स्वच्छ पाणी. मागच्या दोन्ही टाक्या कोरड्या. काका, ते दोन थेंब चालतील का?

---

लालपरी_निवृत्त | १ जुलै, सकाळी ५.५०

पावसात पहिल्या टाकीत दोन थेंब चालतेत. मागच्या टाकीत थेंब दिसला तर गाडी थांबव आणि फोन कर. आप्पांना माझा नमस्कार सांग.